मंडळीची धान्यकोठी: माप चोख, दार अरुंद

नवापूर तालुक्यातली एक ख्रिस्ती मंडळी उपासनाघराला लागून असलेल्या खोलीत धान्यकोठी चालवते. पावसाळ्यात भात उसना द्यायचा आणि पीक निघालं की थोडा वाढवून परत घ्यायचा, एवढंच तिचं काम. गावाचं आणि मंडळीचं नाव मुद्दाम देत नाही. देणारे, घेणारे आणि समितीवाले रविवारी एकाच सतरंजीवर बसतात, आणि एकदा लिहिलं गेलेलं नाव गावात वर्षभर चघळलं जातं. पण धुळे-नंदुरबारकडे ज्या मंडळ्यांच्या मनात अशी कोठी आहे, त्यांनी इथलं काय उचलावं आणि काय टाळावं, हे नीट मांडायला हवं.

गरज कुठे आहे ते आधी पाहू. या पट्ट्यात भात, तूर आणि ज्वारी ही घरची पिकं. दोन-तीन एकरवाल्याची कणगी आषाढात तळाला लागते आणि नवा भात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या महिन्यांत लावणी, निंदणी अशी अंगमेहनतीची कामं सगळ्यात जास्त, आणि घरात दाणा सगळ्यात कमी. या दिवसांत धान्य मिळवायच्या जुन्या वाटा दोन, सवाई आणि दिढी. मणाला सव्वा मण, नाहीतर मणाला दीड मण. तिसरी वाट मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्याची. तो पावसाळ्यात खावटी देतो, वर उचल देतो, आणि त्याच्या बदल्यात दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता (ऊसतोडीची जोडी) बारडोली-सुरतकडच्या उसाच्या फडात बांधला जातो. हिशेब होतो उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि तिथेही दीडपट लावायची रीत आहे. श्रावणात घेतलेली एक गोणी पुढच्या सहा महिन्यांची मजुरी कोणाच्या हातात जाणार ते ठरवून टाकते.

रेशनवर धान्य फुकट मिळत असताना कोठी कशाला, असं विचारणारे भेटतात, आणि प्रश्न वाजवी आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयवाल्या कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. शेतात राबणारा माणूस दिवसाला अर्धा किलो धान्य सहज खातो, म्हणजे माणशी ५ किलो साधारण दहा दिवस पुरतात. शिवाय नव्या सुनेचं आणि लहान पोरांचं नाव कार्डावर चढलेलं नसतं, म्हाताऱ्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही. उरलेल्या वीस दिवसांसाठी कोठी आहे.

व्यवहार असा चालतो. खातं उघडताना प्रत्येक घराने २० किलो वाळलेला भात जमा करायचा. जून ते सप्टेंबर उसनवारी. एका वेळी ५० किलो, हंगामात जास्तीत जास्त १०० किलो. परत करताना १०० किलोला ११०. तारण काही नाही. भांडी नाहीत, चांदीचे वाळे नाहीत, कोऱ्या कागदावर अंगठा नाही. या एका नियमासाठी समितीचं मनापासून कौतुक केलं पाहिजे. गरिबाचं जातं गहाण ठेवून घेऊ नये (बायबल, अनुवाद २४:६), पांघरूण ठेवून घेतलंच तर सूर्य मावळायच्या आत परत द्यावं (निर्गम २२:२६), हे शास्त्रवचन वेदीवरून वाचणं सोपं असतं. इथे ते नियमात उतरलं आहे.

५० किलो भाताचे भरडून साधारण ३२-३३ किलो तांदूळ होतात. दिवसाला दोन किलो लागणाऱ्या घराला ते सोळा दिवस पुरतात. दोन गोण्या आणि रेशन मिळून श्रावण निभावतो, पूर्ण पावसाळा नाही. खातं उघडताना हे स्पष्ट सांगितलं जात नाही. ते सांगायला हवं, म्हणजे घरं आपला हिशेब त्याप्रमाणे बसवतील.

आता मापाबद्दल. उसनवारीत गरीब सगळ्यात जास्त नाडला जातो तो मापात. देताना पायली सपाट आणि घेताना शीग, हा जुना खेळ आहे. अनुवाद २५:१३-१५ मध्ये थैलीत दोन तऱ्हेची वजनं आणि घरात दोन तऱ्हेची मापं ठेवू नका म्हटलंय ते याचसाठी. या कोठीने पायली बंदच केली. इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घेतला जातो. काट्याचा आकडा घेणाऱ्याच्या तोंडासमोर येईल असा ठेवलेला असतो. बारदानाचं वजनही धरतात. तागाची ५० किलोची गोणी जवळपास ६०० ग्रॅम भरते, प्लॅस्टिकची दीडशेच्या आत. प्लॅस्टिकमध्ये देऊन तागात परत घेतलं तर दर गोणीमागे अर्ध्या किलोचा फरक पडतो, आणि तो कोणाच्या पदरात पडतो यावरून भांडणं झालेली गावं कमी नाहीत. काट्यावर आधी रिकामं बारदान, मग शून्य, मग धान्य, हा क्रम इथे मोडत नाहीत.

साठवणीतही हात चांगला बसलाय. कोठी कुठे बुडते तर ओलाव्यात. काढणीनंतर घाईने आणलेल्या भातात १५-१६ टक्के ओल असते आणि महिनाभरात त्याला वास सुटतो, तळाच्या गोण्या गरम लागतात. इथे ओलावा मापायचं यंत्र नाही, पण मिठाची परीक्षा करतात. कोरड्या काचेच्या बाटलीत एक भाग कोरडं बारीक मीठ आणि तीन-चार भाग धान्य घालून चांगलं हलवायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. मीठ सुटं राहिलं तर धान्य आत घ्यायचं. जोडीला दाताची परीक्षा असतेच. दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, दबता कामा नये. ओला भात आणणाऱ्याला परत पाठवत नाहीत, अंगणातल्या ताडपत्रीवर दोन दिवस वाळवू देतात आणि वजन त्यानंतरच करतात.

गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट सोडून रचलेल्या आहेत. मधून माणूस फिरतो, म्हणून घुशीचं बीळ आणि भिंतीची ओल वेळेवर दिसते. भात सालीसकट ठेवतात. तांदूळ करून ठेवला की सोंडकिडा लवकर धरतो. अख्खी तूर मात्र घ्यायची नाही असं ठरलंय. तुरीचा भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो आणि तीन महिन्यांत पीठ पाडतो. तूर ठेवायचीच असेल तर डाळ करून, हवाबंद पिशवीत.

धान्यातल्या किडीवरच्या सल्फॉसच्या गोळ्यांना इथे पूर्ण बंदी आहे आणि ती कोणीही सैल करू नये. ॲल्युमिनियम फॉस्फाईडमधून सुटणाऱ्या वायूवर उतारा नाही. खोलीची भिंत उपासनाघराला लागून आहे, रविवारी तिथे पोरंबाळं बसतात. कीड दिसली तर गोण्या उन्हात घालतात, चाळतात, आणि लागलेल्या गोण्या आधी उसन्या देऊन मोकळ्या करतात. शेवटची रीत बरोबर नाही. किडका भात घेऊन चांगला भात परत मागणं हे देखील मापातलंच अंतर झालं. लागलेल्या गोणीला वजनात सूट द्यावी.

दहा टक्क्यांवर मंडळीत दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की लेवीय २५:३७ मध्ये गरीब झालेल्या भावाला पैसा व्याजाने देऊ नको इतकंच नाही, अन्न वाढीने देऊ नको असं स्वतंत्र सांगितलंय. मग हे दहा किलो कशाचे? आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर काट्यावरच द्यावं लागतं. समजा १०० किलो भात १५ टक्के ओलीचा आत आला. तो वाळून १२ टक्क्यांवर आला की साधारण ९६.६ किलो राहतो. उंदीर, कीड आणि सांडलवंड मिळून दोन किलो धरा. म्हणजे १०० चे ९४-९५ झाले. वाढ अजिबात घेतली नाही तर कोठी दरवर्षी पाच टक्क्यांनी आटते आणि तेरा-चौदा वर्षांत तिचा अर्धा साठा जातो. तेव्हा दहातले पाच निव्वळ घट आहेत. उरलेले पाच एखाद्याचं पीक बुडालं, कोणी दगावलं, तर त्याचं भरून काढायला.

हा वाद खानदेशात पहिल्यांदा झालेला नाही. इटलीतल्या पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी १४६२ मध्ये गरिबांसाठी कर्जपेढी काढली. धान्य आणि बियाणं उसनं देणाऱ्या कोठ्याही त्याच शतकात तिकडे निघाल्या. खर्चापुरती जादा रक्कम घेणं हे व्याज आहे की नाही यावर पुढची पन्नास वर्षं चर्चा चालली, आणि १५१५ मध्ये लॅटरन धर्मपरिषदेने निवाडा दिला: चालवण्याचा खर्च भागण्यापुरतं घेतलं तर दोष नाही, नफ्यासाठी नको. या कसोटीवर दहा टक्के उतरतात. अट एकच, घट किती झाली आणि जमा किती आलं हे दरवर्षी मंडळीसमोर वाचलं पाहिजे. घट कमी भरली तर पुढच्या वर्षी दहाचे आठ करावेत. इथे हिशेब वाचला जातो, पण घटीचा रकाना वहीत नाही, त्यामुळे दहातले किती खर्ची पडले हे कोणालाच सांगता येत नाही.

सवाईशी तुलना करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण सावकाराचा माणूस हीच पुढे करतो. समजा श्रावणात भाताचा भाव किलोला ३० रुपये आहे आणि दिवाळीनंतर २४. श्रावणात १०० किलो घेतले म्हणजे ३,००० रुपयांचा माल. सवाईने १२५ किलो फेडले ते २४ च्या भावाने ३,००० रुपयांचेच. म्हणून सवाईवाला म्हणतो, मी काहीच घेत नाही. पैशात तो बरोबर दिसतो, पण शेतकऱ्याच्या कणगीतून २५ किलो गेले ते गेलेच, आणि पुढचा आषाढ तेवढा आधी येतो. दिढीत तर पैशातही ३,६०० जातात, चार-पाच महिन्यांत २० टक्के. कोठी सगळा व्यवहार धान्यातच ठेवते, मध्ये विकत नाही की घेत नाही, म्हणून भावाच्या चढउताराचा फटका तिला बसत नाही. हे धोरण शहाणपणाचं आहे. मधल्या काळात भाव चांगला मिळतोय म्हणून धान्य विकून पैसा बँकेत ठेवायची सूचना अधूनमधून येते. ती मान्य करू नये. श्रावणात त्याच पैशात तेवढं धान्य परत येणार नाही.

इथवर सगळं ठीक. पण कोठी ज्याच्यासाठी आहे त्याला ती मिळते का? इथे नियम उलटे पडलेत.

पहिली अट दशमांशाची, म्हणजे मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाची. ज्या घराचं दशमांशाचं पाकीट तीन महिने आलं नाही, त्याला उसनवारी नाही. शिक्षक, नर्स, एसटीतला कर्मचारी यांचं पाकीट दर महिन्याला येतं, आणि त्यांना कोठीची गरज नाही. फडावरून परत आलेल्या घरात जून महिन्यात रोख रुपया नसतो, म्हणून पाकीट नाही, म्हणून गोणीही नाही. तो मुकादमाकडे जातो. दुसऱ्या हंगामाची दोरी तिथेच बांधली जाते. देवाला द्यायचं ते माणसाने आपल्या राजीखुशीने द्यावं. ते उसनवारीचं प्रमाणपत्र झालं की दानही बिघडतं आणि कोठीही. ही अट आजच काढून टाकण्यासारखी आहे.

दुसरी अट परतफेडीची तारीख. नाताळच्या आत भात जमा करायचा, उशीर झाला तर दर महिन्याला एक किलो जादा. कोयतेवाले दिवाळी आटोपली की निघतात आणि डिसेंबरात गुजरातमध्ये असतात. दंड त्यांनाच बसतो. गावात राहणाऱ्याला कधी बसत नाही. भात झोडपून झाल्यावर निघण्याआधी एक आठवडा आणि होळीच्या आसपास एक आठवडा, अशा दोन तारखा ठेवल्या तर दंडाची गरजच उरणार नाही.

वाटप रविवारी उपासना सुटल्यावर होतं. सोय म्हणून हे ठरलं असणार, सगळे तिथेच असतात. पण त्यामुळे नवे कपडे घालून मोटरसायकलवर बसणारे घरी निघालेत आणि विधवा बाई दारात पोतं घेऊन उभी आहे, असं चित्र दर रविवारी दिसतं. पौलाने करिंथच्या मंडळीला याच कारणासाठी झापलं होतं: प्रभुभोजनाला जमता तेव्हा एक भुकेला राहतो, दुसरा तृप्त होतो, आणि ज्यांच्याजवळ नाही त्यांना तुम्ही लाजवता (१ करिंथ ११:२१-२२). वाटप बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवावं. त्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यावर पोतं असतंच.

आणखी एक प्रश्न कोठीत मूळ धान्य कोणाचं असावं याचा. ४० घरांचे २० किलो म्हणजे ८ क्विंटल, १६ गोण्या. सगळ्यांना एकेक द्यायची तरी पुरत नाहीत. वर पाहिलेल्या हिशेबाने निव्वळ वाढ पाच टक्के, त्यावर कोठी दुप्पट व्हायला चौदा वर्षं लागतील. म्हणून भर वरूनच यायला हवी. कापणीच्या सणाला आलेल्या भाताचा पूर्वी लिलाव व्हायचा, आता तो थेट कोठीत जातो. हा बदल फार चांगला आहे. भोपळे, कोंबड्या, अंडी यांचा लिलाव अजून होतो, आणि एका भोपळ्याची बोली नोकरदार घरं ईर्ष्येने चढवतात. तो पैसा बारदान आणि ताडपत्रीसाठी वापरतात. पण जमा सगळ्यांची सारखी २० किलो, हे बरोबर नाही. पगारदार घराने १०० किलो ठेवावेत आणि उसनवारी घेऊ नये; एक एकरवाल्याला ५ किलोंवर खातं उघडू द्यावं. ज्याच्याजवळ विपुल आहे त्याने उणीव असणाऱ्याची भर करावी म्हणजे समानता होईल, असं पौल दुसऱ्या करिंथकरांस पत्रात (८:१३-१५) लिहितो. सारखी जमा म्हणजे समानता असं तो म्हणत नाही.

मात्र नुसत्या दात्यांच्या जोरावरही कोठी टिकत नाही. जर्मनीत १८४६-४७ च्या दुष्काळात वायरबुशचे महापौर फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन यांनी सधन लोकांच्या मदतीवर ब्रेड उधार देणारी संस्था उभी केली. पुढे दात्यांचा हात आखडतो असा अनुभव आल्यावर १८६४ मध्ये हेडेसडॉर्फला त्यांनी घेणाऱ्यांनाच सभासद केलं, आणि त्यातून ग्रामीण पतसंस्थांची रीत जगभर गेली. आपल्याकडे रांचीत जेझुइट फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटानागपूरच्या आदिवासींसाठी सहकारी पतसंस्था काढली, तीही याच वाटेने. घेणाऱ्याच्या हातात वही आणि किल्ली असली पाहिजे.

इथे समिती सात जणांची, त्यात कोयत्यावर जाणाऱ्या घरातलं कोणी नाही, आणि बाई एकच. खोलीला दोन कुलुपं आहेत, किल्ल्या दोघांकडे, हे उत्तम. पण दोघेही नोकरदार. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर उठली, तेव्हा सात जण नेमले गेले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव ही सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच लोक वाटणीवर बसवले. इथल्या समितीने हा अध्याय एकदा मोठ्याने वाचून दोन जागा रिकाम्या कराव्यात: एक कोयतेवाल्या घरातल्या बाईला, एक विधवेला.

मंडळीबाहेरच्यांना खातं नाही, हेही सांगितलं पाहिजे. एकाच पाड्यावर एक घर मंडळीतलं, शेजारचं नाही, आणि दोघांची कणगी एकाच आठवड्यात रिकामी होते. साठा कमी आहे हे खरं कारण आहे. तरी दर दहा गोण्यांमागे एक बाहेरच्या घरासाठी ठेवायला हरकत नसावी. आणि देताना उपासनेला येण्याबद्दल एक शब्दही काढू नये.

कायद्याची बाजू कच्ची आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये कर्ज म्हणजे फक्त रोख नव्हे, वाढीने वस्तुरूपात दिलेलंही त्यात येतं, आणि परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे. दहा टक्के ही घटभरपाई आहे असा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवावा, घटीच्या नोंदी ठेवाव्यात, आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्यावं. कोणी चिडून तक्रार केली तर तोंडी खुलासा कामाला येणार नाही.

परत येणाऱ्या भाताची प्रत हा शेवटचा दोष. दिलेला भात चांगला आणि आलेला भेसळीचा, पोचट जास्त, अशी तक्रार समितीची आहे आणि ती खरी आहे. पण ती तोंडावर भांडून सुटत नाही. देताना प्रत्येक ढिगातला अर्धा किलो नमुना पिशवीत घालून, तारीख आणि दोघांच्या सह्या करून टांगून ठेवावा. परत येईल तेव्हा सुपात शेजारी-शेजारी ओतून बघावं. बियाण्याचा भात तर वेगळाच ठेवायला हवा; सध्या तो खाण्याच्या भातात मिसळतो आणि गावठी वाण हातचं जातं.

खातं उघडणाऱ्यांसाठी: नोंद मृग लागायच्या आत करावी, गोण्या संपल्यावर यादी बंद होते. भात दोन उन्हं दाखवून आणावा. बारदान स्वतःचं न्यावं, काट्यावर ते रिकामं ठेवून शून्य झालेलं स्वतः बघावं, आणि वहीतला किलोचा आकडा आपल्या पासबुकात तिथल्या तिथे लिहून घ्यावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सोबत न्यावं. समिती त्याला नाही म्हणत नाही.